सल

काकू पुण्याहून परत आल्या त्या संध्याकाळी मी चावी द्यायला गेले तर त्या गॅलरीतच उभ्या होत्या, प्रवासातली साडीसुद्धा बदलली नव्हती. जास्वंदाच्या कुंडीत त्यांनी दोन बोटं खुपसली, दुसऱ्या पेरापर्यंत, बाहेर काढून अंगठ्यावर घासली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माती तर ओली आहे गं." एवढंच. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर लगेच "जाऊ दे ना माय, झाडच होतं" म्हणून चहा ठेवायला आत गेल्या, येताना प्लेटमधे बाकरवडी पण घेऊन आल्या. चहा झाला, नातवाचे फोटो बघून झाले, जास्वंदाचा विषय परत निघाला नाही. वर्ष होत आलं त्याला. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं, भांडणाला उत्तर तरी देता येतं, ओल्या मातीला काय उत्तर देणार.

कारण माती खरंच ओली होती. झाड मेलं होतं आणि माती ओली होती.

आता काय झालं ते लिहूनच टाकते. आमचं अपार्टमेंट प्रतापनगरातलं, जुनं, तीन मजली, बिनलिफ्टचं. माझी आणि काकूंची गॅलरी लागून आहे, मधे छातीइतकी भिंत, दोन्हींचं तोंड पश्चिमेला. नागपुरात पश्चिमेची गॅलरी म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको, मे महिन्यात चार वाजता ग्रिलला हात लावून दाखवा. काकू महिनाभर मुलीकडे जाणार होत्या, चावी माझ्याकडे, ११ कुंड्या, रोज संध्याकाळी पाणी, इतकं सोपं काम. पहिले दोन आठवडे मी ते नीट केलं. मग नवतपा लागला, मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, त्यात ब्रँचमधे ऑडिट, पारा ४५ च्या वर, घरी यायचे ते ओढणी डोक्याला गुंडाळून आणि आल्या आल्या कूलरसमोर आडवी. उठायचं, शेजारचं कुलूप काढायचं, बादली भरायची, हे 'थोड्या वेळानं करू' असं म्हणता म्हणता सकाळ व्हायची आणि सकाळी ऑफिसची घाई. असे चार दिवस गेले. ऑडिट वगैरे सगळं खरं आहे पण खरं कारण कूलर, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आमचा कूलर त्या दिवसांत रात्रीतून तीन-तीन बादल्या पाणी प्यायचा, मधेच टाकी संपली की पंप खर्र खर्र करत हवा ओढायला लागायचा, तेव्हा मात्र मी रात्री दोन वाजता पण उठून पाईप लावायचे. आणि भिंतीच्या पलीकडे ११ कुंड्या.

पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला, लाईट बिल आलं का बघ म्हणून. तेव्हा पोटात धस्स झालं. धावत गेले. मोगरा पार मान टाकून होता, तुळशीच्या मंजिऱ्या वाळलेल्या, कढीपत्ता पिवळा, पानफुटी आणि अडेनियमला काही झालंच नव्हतं, आणि जास्वंदाची पानं पिळून दांडीवर टाकलेल्या फडक्यासारखी लोंबत होती. बादल्यांवर बादल्या ओतल्या. कोरड्या मातीनं आधी पाणी घेतलंच नाही, ते कुंडीच्या कडेनं सरळ खालच्या भोकातून निघून गेलं, मग थोडं थोडं करून मुरवलं. रात्री दहाला मोबाईलचा टॉर्च घेऊन परत गेले तर मोगरा उठला होता. अक्षरशः उठला होता, पानं ताठ, मला रडूच यायचं बाकी होतं. जास्वंद तशीच. दुसऱ्या दिवशी तशीच. मग पुढचे दहा दिवस मी तिला सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं, सकाळी ऑफिसला जाता जाता नुसता तांब्या उपडा करून, प्रायश्चित्त घ्यावं तसं. तिची पानं गळलीसुद्धा नाहीत, फांदीलाच चिकटून हिरवट-तपकिरी, पापडासारखी कुरकुरीत झाली. पान गाळायला देठापाशी जिवंत पेशींचा एक थर लागतो, झाड तिथून पान स्वतः सोडवून देतं. म्हणजे पान गळणं हे पण जिवंतपणाचंच काम. तेवढंही तिला जमलं नव्हतं.

हे मला माहीत होतं ही त्यातली जास्त वाईट गोष्ट. मी बँकेत आले ती नंतर, त्याआधी तीन वर्षं बी.एस्सी., बॉटनी. प्रॅक्टिकलला तेरड्याची रोपं लाल शाईत उभी करून ठेवायचो, तासाभरात देठातून लाल रेघा चढत जाऊन पानाच्या शिरांपर्यंत पोचायच्या, तेरड्याचं खोड इतकं पाणीदार की त्या बाहेरूनच दिसायच्या. मग ब्लेडनं आडवे काप घ्यायचे, शंभर काप घेतले की एक पातळ निघायचा, तो वॉचग्लासमधे तरंगवायचा, सॅफ्रनिनचा एक थेंब, आणि मायक्रोस्कोपखाली ते गोल गोल लाल तोंडाचे बोगदे दिसायचे. झायलम, पाणी वर नेणाऱ्या नळ्या. बाकीचं खोड फिकं, हे मात्र लालभडक, कारण त्यांच्या भिंतीत लाकडाला कडक करणारं लिग्निन असतं आणि रंग त्याला चढतो. त्या वेळी मला ते सुंदर वाटायचं, बांगड्यांच्या दुकानासारखं. त्यातल्या प्रत्येक बोगद्यातली पेशी मेलेली आहे, मरून पोकळ झाली म्हणूनच पाणी वाहतं, हे वहीत लिहिलं होतं, आकृतीखाली, पेन्सिलीनं. वाचलं किती वेळा असेल, डोक्यात शिरलं नव्हतं.

आणखी एक आठवण त्याच लॅबमधली. पोटोमीटरचं प्रॅक्टिकल, फांदी किती पाणी ओढते ते काचेच्या बारीक नळीतल्या बुडबुड्याच्या सरकण्यावरून मोजायचं. आमचे लॅब अटेंडंट, त्यांना सगळे भाऊच म्हणायचे, ते त्या दिवशी आमच्या टेबलाभोवती घिरट्या घालायचे आणि ओरडायचे, "पाण्याखाली कापा! बादलीत बुडवून कापा फांदी, वर काढली की गेली!" आम्हाला वाटायचं भाऊंना बारीकसारीक गोष्टीत कटकट करायची सवयच आहे. एका मुलीनं कॉलेजच्या कंपाउंडजवळून ऐटीत फांदी तोडून आणली, हातात घेऊन तीन मिनिटं चालत, आणि सरळ नळीत बसवली. पाणी काठोकाठ, फांदी हिरवीगार, पंखा लावला, बुडबुडा जागचा हलेना. भाऊंनी तिची फांदी उपटून पाण्यात बुडवली, दोन इंच बुडाकडून छाटली आणि परत बसवली, लगेच बुडबुडा सरकायला लागला. बुडबुडा काचेच्या नळीत आला की मार्क, फांदीत गेला की प्रॅक्टिकल फेल. बर्डीवरचा फूलवाला पण निशिगंधाचे देठ बादलीत बुडवूनच तिरपे छाटतो, त्याला बॉटनी कुणी शिकवली.

झाडाला पंप नसतो हे ऐकायला साधं वाटतं. माझ्या मामाची संत्र्याची बाग काटोलच्या पलीकडे, तिथली विहीर मला लहानपणापासून पाठ आहे. मोटर आधी विहिरीच्या काठावर होती. पाणी खाली गेलं तशी मामानं ती विहिरीच्या आत, लोखंडी अँगलवर उतरवली, आणखी दोन वर्षांनी आणखी खाली, शेवटी ती सोडून पाण्यात बुडणारी सबमर्सिबल घेतली. कारण वरून ओढणारी मोटर पाणी ओढून ओढून किती ओढणार, पुस्तकात १० मीटरच्या जरा वर, प्रत्यक्षात २५ फुटांवर गेली की तिचा जीव जातो. वरून ओढायला ती पाईपात पोकळी करते आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते, हवेचाच जोर तेवढा. मग मामाच्या बांधावरचं कडुनिंब? गावातला पिंपळ? ते १० मीटरच्या वर रोज पाणी चढवतात, कुठे घरघर नाही, बिल नाही. १८९४ साली डब्लिनमधल्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली या दोघांनी याचं जे उत्तर दिलं ते मला आजही जरा जादूटोण्यासारखं वाटतं. पानाच्या छिद्रांतून वाफ निघून जाते, गेलेल्या कणाच्या जागी मागचा कण ओढला जातो, त्याच्या मागे त्याच्या मागचा, पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ही ओढ पानापासून खोडातून थेट मुळाच्या टोकापर्यंत पोचते. वर उन्हात एक कण उडाला की खाली अंधारात एक कण आत येतो. म्हणजे झाडातलं पाणी ढकललेलं नसतं, ताणलेलं असतं, दोरीसारखं. आणि ती ओढ साधीसुधी नाही, दुपारच्या वेळी १०-१५ वातावरणांच्या दाबाएवढी, कारच्या टायरमधे दोन-सव्वादोनच असतो, आणि तो बाहेर ढकलणारा, हा आत ओढणारा. मामाच्या मोटरच्या सक्शन पाईपात आतून वेटोळी तार असायची, नाहीतर ओढीनं पाईप चपटा होतो. झाडाच्या कोवळ्या नळ्यांना आतून तश्शीच वेटोळी असतात, लिग्निनची. ती मी स्वतः पाहिलेली, काढलेली, रंगवलेली आहेत.

आपल्या जगदीशचंद्र बोसांना हे पटलं नव्हतं. १९२३ साली त्यांनी मांडलं की खोडातल्या जिवंत पेशी धडधडतात आणि धडधडून पाणी वर चढवतात. आम्हाला ते एका ओळीत शिकवलं, पल्सेशन थिअरी, मान्य झाली नाही, दोन मार्क. जर्मनीत स्ट्रासबर्गरनं त्याच्या तीसेक वर्षं आधीच वीसेक मीटर उंच झाड बुडातून कापून विषाच्या पाण्यात उभं करून बघितलं होतं, वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या तरी पाणी चढतच राहिलं. बोस चुकले होते. पण मागच्या जूनमधे मेलेल्या जास्वंदीसमोर तांब्या घेऊन उभी असताना मला मनापासून वाटत होतं की बोसच बरोबर असावेत. आत काही धडधडत असेल तर ते दमेल, थांबेल, परत चालू तरी होईल.

ताणलेल्या दोरीचं तसं नसतं. माती वाळत जाते तशी ती दोरी आणखी आणखी ताणते, आणि एका टप्प्याला शेजारच्या नळीतून, भिंतीतल्या बारीक पडद्याच्या छिद्रातून, हवेचा एक कण आत ओढला जातो. हे पडदे त्यासाठीच असतात, पाण्याला जाऊ देतात आणि हवेला अडवतात, पण अडवून किती अडवणार. आत शिरलेली हवा क्षणात फुगते, पूर्ण नळी भरते, ती नळी गेली. मामाच्या भाषेत मोटरनं हवा धरली. मोटरचं बरं असतं, वरून दोन डबे पाणी ओतायचं, फुटवॉल नीट असला की ती परत पाणी उचलते. झाडाच्या नळीत वरून पाणी ओतणारं कुणी नसतं. गवताला, बांबूला, अळूला रात्री मुळांकडून थोडा रेटा मिळतो, पहाटे अळूच्या टोकाला थेंब लोंबतो तो त्याचाच, पण वाळक्या कुंडीत मुळंच रापलेली असली की तोही रेटा नाही. बाकीच्या नळ्या मग जास्त ताणावर येतात, त्यातल्या आणखी काही जातात. आणि खाली तुम्ही बादल्या ओतत असता. माती ओली, मूळ ओलं, वर जायचा रस्ता नाही.

आणि याला आवाज असतो म्हणे. १९६६ साली मिलबर्न आणि जॉन्सन यांनी एरंडाच्या पानाच्या देठाला यंत्र लावून एकेक नळी तुटल्याची टिक टिक ऐकली होती. एरंड, आपल्या उकिरड्याशेजारचा. २०२३ मधे तेल अवीवच्या लोकांनी टोमॅटो आणि तंबाखूची झाडं माइकसमोर ठेवली, पाणी घातलेलं झाड तासाला एखादाच आवाज करत होतं, तहानलेलं ३०-५० वेळा. बहुतेक बुडबुड्यांचाच आवाज असावा असा त्यांचा अंदाज. तो ४० ते ८० किलोहर्ट्झचा, आपले कान २० च्या पुढे बंद. मी ती बातमी मोबाईलवर वाचली तेव्हा दुपार होती, कूलर चालू होता, आणि मी उठून कूलर बंद केला. कशासाठी ते विचारू नका. थोडा वेळ शांत बसले, पंखा पण बंद केला, घाम यायला लागला तशी परत चालू केला.

मला वाटायचं की दुष्काळात टिकायचं म्हणजे मूळ खोल पाहिजे, बास. तसं नाही, खोडाच्या आतला नळ्यांचा हिशोब पण आहे. नळीची रुंदी दुप्पट झाली की तिच्यातून १६ पट पाणी जातं, त्यामुळे रुंद नळी म्हणजे चैन. पण रुंद नळ्यांचं खोड हवा धरायलाही बहुधा पुढे असतं, बारीक नळ्यांचं गरिबासारखं थोडं थोडं वाहून शेवटपर्यंत तग धरतं. आमच्या देवघरात आजीच्या वेळचा सागाचा पाट आहे, त्यावर लांब लांब बारीक काळ्या रेघा आहेत, बोट फिरवलं तर नखाला लागतात. कितीतरी वर्षं त्यावर बसून पूजा केली, त्या रेघा म्हणजे उभ्या चिरल्या गेलेल्या नळ्या आहेत हे मागच्या वर्षी कळलं. साग पावसाळ्याच्या सुरुवातीला इतक्या रुंद नळ्या काढतो की त्या नुसत्या डोळ्यांना दिसतात, सुपाएवढी पानं काढतो, चार महिने उधळतो, आणि ऊन तापलं की पानंच टाकून देतो. दुकान बंद, वाफ बंद, ओढ बंद. एप्रिलमधे पेंचच्या रस्त्याला लागा, सगळा साग हाडाचा सापळा होऊन उभा असतो, आणि मधेच एखादं पांढऱ्या सालीचं भुत्याचं झाड, त्याचं लाकूडच मऊ, पाण्यानं भरलेलं. पळसाचं आणखी वेगळं, पान नाही पण अंगभर फूल. कडुनिंब तर पाडव्याला, जमिनीत पावसाचा टिपूस नसताना, कोवळा तांबूस पाला काढून बसतो. एकाच रस्त्यावर प्रत्येकाचं घर चालवायचं गणित वेगळं.

पानफुटीचं गणित मी चाखून बघितलंय. काकू मुतखड्यासाठी सकाळी तिचं पान चावतात, मला पण दिलं होतं एकदा, तोंड आंबून गेलं. मग कुठेसं वाचलं आणि त्याच झाडाचं पान दुपारी तीनला तोडून खाल्लं, पाणचट, काही चवच नाही. मद्रासकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हेन नावाच्या माणसानं हे असंच चावून बघितलं होतं, १८१५ मधे ते छापून आलं. पानफुटी दिवसा छिद्रं बंद ठेवते, रात्री गारव्यात उघडते, रात्री घेतलेली हवा आंबट करून साठवते आणि दिवसा ते आंबट खर्च करते. त्या चार दिवसांत ती अशी दार लावून बसली होती. मी पण दार लावूनच बसले होते म्हणा.

मामाकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचो तेव्हा मला एका गोष्टीचा फार राग यायचा. विहिरीत पाणी असायचं, मोटर चालू स्थितीत, आणि मामा बागेला पाणी द्यायचा नाही. मुद्दाम. बाग ताणावर सोडलेली असायची, मृग बहारासाठी. झाडं दुपारी पानं मुरडून, द्रोणासारखी करून उभी, काही पिवळी पडून खाली सडा. मी एकदा चोरून एका झाडाच्या आळ्यात घागर रिकामी केली, मामाला संध्याकाळी माती बघून कळलं. तो रागावला नाही, बाजूला बसवून म्हणाला, "पोरी, झाडाले तहान लागू द्या लागते. नाही तं ते नुसता पालाच फेकते, फूल नाही देत." मग पावसाच्या सुरुवातीला ताण तुटला की आठ-पंधरा दिवसांत पांढरी फुलं, त्या वासानं डोकं जड व्हायचं. महिना-दीड महिन्याचा ताण, हलक्या जमिनीत कमी, भारी जमिनीत जास्त, कॅलेंडरवर खूण नाही, सगळं बघून. "पण जास्त झाला ताण तर?" मी विचारलं होतं. तेव्हा त्यानं मला पहाटे साडेपाचला उठवून बागेत नेलं. पानं सरळ झाली होती, हाताला गार. "सकाळी पाह्य लागते. दुपारी काय पाह्यतं, दुपारी तं मीबी वाळतो. ज्या दिवशी सकाळीबी पान मुरडलेलं दिसन, त्या दिवशी बहार गेला खड्ड्यात, पानी सोडा लागते."

पहाट म्हणजे रात्रभर वाफ थांबलेली, झाड आणि जमीन एका पातळीला आलेली, त्या वेळी झाडात जो ताण उरतो तो खरा. शास्त्रज्ञ पण पान तोडून, लोखंडी डब्यात बंद करून, दाब देऊन तो पहाटेच मोजतात. मामाकडे डबा नव्हता.

मी काकूंकडे संध्याकाळी जात होते. रोज संध्याकाळी, जेव्हा सगळीच झाडं मलूल असतात. आणि नंतर सकाळी जायचे तेव्हा बघायची वेळ निघून गेलेली.

२०१९ च्या उन्हाळ्यात काटोल-वरुड पट्ट्यात बागाच्या बागा वाळल्या, मामाचीही अर्धी गेली. त्या वर्षी त्यानं नेहमीसारखाच ताण दिला होता, विहिरीनं आणि पावसानं मिळून दगा दिला, पाऊस उशिरा आला तेव्हा माती ओली झाली पण झाडांनी घेतली नाही. २०१२ मधे जगभरच्या ८१ ठिकाणच्या २२६ जातींच्या झाडांचा अभ्यास झाला होता, त्यात निघालं की त्यातल्या ७० टक्के जातींची झाडं अगदी काठावर जगतात, आत हवा धरायच्या जेमतेम अलीकडे, आणि हे वाळवंटातल्या झाडांचं जितकं खरं तितकंच धो धो पावसातल्या झाडांचं. जंगलाच्या झाडाला काठ त्याचा त्यालाच सांभाळायचा असतो, मामाचं झाड मात्र मामाच्या हातानं काठावर नेलेलं. त्या दिवाळीला गेले तर तो उरलेल्या झाडांची सल काढत होता. सल म्हणजे वाळलेल्या बारीक फांद्या, संत्र्यावर त्या राहतातच. आपल्याकडे मनात राहते तिलाही सलच म्हणतात, पण मामा शब्दांच्या मागे लागणाऱ्यातला नाही. "वाळलेल्यापाशीच नको कापू, दोन बोटं हिरवं घेऊन काप," तो मजुराला सांगत होता. आधी टोकाच्या फांद्या मरतात, त्यांच्या नळ्या आधी जातात, त्यामुळे मोठ्या खोडाची ओढ कमी होते आणि खोड वाचतं. मोटरच्या पेटीतला फ्यूज जळतो आणि मोटर राहते, तसं. ज्या झाडांचा फ्यूज वेळेत जळला त्यांची सल तो काढत होता. बाकीच्यांना त्यानं आधीच जेसीबी लावला होता.

काकूंनी जूनअखेरीस जास्वंद उपटायला काढली तेव्हा मी म्हटलं द्या, मी करते. आधी नखानं साल खरवडली, टोकाला तपकिरी, मधे तपकिरी, खाली मातीशी पण तपकिरी. दोन बोटं हिरवं कुठेच नव्हतं. मुळं काढली तर काळपट, आणि जरा वास पण येत होता, कुजल्याचा. तेव्हापासून एक नवीनच शंका डोक्यात बसली आहे, की पाचव्या दिवशी ती कदाचित अजून थोडी होती, बुडाशी कुठेतरी, आणि माझ्या दहा दिवसांच्या पाण्यानं ती मुळं गुदमरून गेली. चार दिवसांनी मारलं की दहा दिवसांनी, आता कळायला मार्ग नाही. घरी येऊन मुलीच्या सायन्स किटमधला प्लास्टिकचा मायक्रोस्कोप काढला, ब्लेडनं काप घेतले, हात अजून चालतो माझा. सॅफ्रनिन कुठलं असणार, तसाच ठेवला. नळ्या दिसल्या. गोल, स्वच्छ, एकही फुटलेली नाही, चेपलेली नाही, बी.एस्सी.च्या वहीतल्यासारख्या. त्या जिवंत झाडात पण मेलेल्याच असतात, त्यामुळे झाड जाऊन त्यांच्यात काही फरक पडलाच नव्हता. मुलगी म्हणाली, छान दिसतंय, फोटो काढ ना. काढला. अजून आहे फोनमधे.

काकू आता गणपतीला विकतचं जास्वंद घेतात, पुडीतलं, कोपऱ्यावरच्या माणसाकडून. मी एक नवीन रोप आणून दिलं होतं नर्सरीतून, ते त्यांनी प्रेमानं घेतलं, गुलाबी निघालं.

या मे मधे त्या परत पुण्याला गेल्या. चावी माझ्याकडेच दिली, मला बरं वाटलं, म्हणाल्या लाईट बिल आलं की आत टाक आणि दोन-तीन दिवसांतून एकदा खिडक्या उघड. मी संध्याकाळी गेले तर गॅलरी रिकामी होती. फरशीवर ११ गोल डाग, पांढरट, एकावर मोगऱ्याची दोन वाळकी पानं. कुंड्या जाण्याआधीच खाली नेऊन ठेवल्या होत्या, बोअरिंगपाशी, भिंतीच्या सावलीत, वॉचमनच्या खोलीजवळ. मी काही विचारलं नाही, फोनवर पण नाही.

नवतपा लागला तशी माझी झोप सकाळी लवकर उघडायला लागली. परवा साडेपाचला खाली गेले, गाऊनवरच, दूध आणायच्या निमित्तानं. मोगऱ्याची पानं हातात घेऊन बघितली, गार होती, ताठ होती. गुलाबी जास्वंदीची पण. तरी कुंडीत दोन बोटं घातलीच. तेवढ्यात वॉचमनची बायको खोलीच्या दारात आली, केस बांधत, माझ्या हाताकडे बघत.

"टाकलं ना जी ताई पाणी," ती म्हणाली. "रोजच टाकतो."

"नाही, मी सहज," मी म्हटलं आणि बोटं गाऊनला पुसली.